कादंबरीतल्या देवचाराविषयी

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची लिहून झालेली सगळी प्रकरणं वाचली. नायिका आणि तिचा वर्गमित्र अवसेच्या रात्री खाजणातून जातात, तो भाग फार छान उतरलाय. कांदळाची मुळं, पायाला लागणारा गार चिखल, ओहोटीचा वास, सगळं आपलं. पण देवचार, आपल्या कोकणातलं ते हद्द राखणारं भूत, आला आणि कथा सैल पडली. तो झाडावरून उतरतो, मुलांना घाबरवतो आणि जादूची अंगठी दिसताच पळून जातो. असा देवचार कुठल्याही मुलखात खपला असता.

आपल्याकडे अशा राखणदारांशी माणसाचा व्यवहार असतो. राखणदाराची हद्द ठरलेली, त्याचा मान ठरलेला. आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात, ही श्रद्धा. जो आपल्याला सांभाळतो, त्याच्या पायांची काळजी भक्ताला! किती जवळचं नातं आहे हे. गाऱ्हाणं तर तू लहानपणापासून ऐकत आलीस. मानकरी देवापुढे उभा राहून बोलत जातो, मागची माणसं ‘होय म्हाराजा’ म्हणत साथ देतात. त्यात मागणं असतं, चूकभूल पोटात घाल अशी विनवणी असते, आणि बोललेलं फेडायची जबाबदारीही असते.

आता तुझ्या दोन मुलांकडे बघ. ती एकमेकांसाठी सारखी जीव द्यायला तयार. मला ते पटलं नाही. त्या वयात मुलं रुसतात, लपवाछपवी करतात, तिसरं कोणी मध्ये आलं की जळतात. देवचाराला नेमका तिथे आण. समजा, मुलाच्या आजोबांनी राखणदाराला बोललेला नवस फेडलेलाच नाही. मुलाला हे ठाऊक आहे, पण त्याने मैत्रिणीला सांगितलेलं नाही, आणि तिची रोजची शाळेची वाट त्याच हद्दीतून जाते. मग देवचार काय करील यापेक्षा हा मुलगा तोंड कधी उघडतो, याचीच वाचकाला धास्ती लागेल. (मुंजा, गिऱ्हा, खवीस, चकवा अशी सगळी फौज एकाच पुस्तकात नको. एकच घे आणि त्याला पुरता ओळख.)

एक प्रसंगही सुचवतो. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण तुला माहीत आहे. दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन अख्खा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा बरोबर. परतायचं तेही देवाचा कौल मिळाल्यावरच. बाहेर झोपड्यांतून चुली पेटतात, भजनं होतात, रात्र रात्र गप्पा चालतात. मुलांना तर तो सणच. त्या आनंदात तुझ्या मुलाला आठवतं, की नवसाची गोष्ट उलगडणारी आजोबांची वही घरातच राहिलीय. रिकाम्या गावात शिरायचं, आणि तेही देवाचा शब्द मोडून. सोबत ये म्हणायचं, तर आजवर लपवलेलं सगळं आधी तिला सांगावं लागणार. ती ‘येत नाही’ म्हणू शकते, आणि तिचं म्हणणं बरोबरही असेल. हे प्रकरण घाईने उरकू नकोस. वेशीवरचं त्यांचं भांडण दहा पानं चाललं तरी चालेल. देवचार तोवर थांबेल.

अंगठी मात्र काढून टाक. ती असेपर्यंत मुलांना एकमेकांची गरजच पडत नाही.

लिहायला बसण्याआधी आजीला विचार: तुमच्या वाडीच्या राखणदाराला काय देतात, कोण देतं, आणि द्यायचं राहिलं तर काय होतं म्हणतात. तिच्याच शब्दांत, मालवणीत उतरवून घे. शिमग्याला गावी येतोय, तेव्हा वेशीवरचं प्रकरण वाचायला दे. कच्चं असलं तरी चालेल.

तुझा,
काका