आलापल्लीच्या पुढचे पासष्ट किलोमीटर

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त. हे 69, मी 65. मार्चअखेर पुण्याहून गाडी घेऊन मुलीकडे नागपूरला येतोय. तिथून एका दिवसात हेमलकशाला, गडचिरोलीच्या जंगलातल्या आमट्यांच्या प्रकल्पावर, पोचायचा विचार आहे. मुलगा म्हणतो, या वयात एवढ्या आडवाटेला जाताय तर ड्रायव्हर घ्या. ह्यांना ड्रायव्हर नको. गाडी मलाही येते, पण हायवेवर हे देत नाहीत. दिवसाभरात होईल का? आणि खरं सांगायचं तर मला बाथरूमचीच जास्त धास्ती आहे.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, होतं. आम्ही वर्ध्याचे. टपाल खात्यातून मी निवृत्त झाले त्या वर्षी, मार्चमध्येच आम्ही दोघं गेलो होतो. नागपूरहून साधारण साडेतीनशे किलोमीटर पडतं. पुण्याकडची मंडळी हा आकडा ऐकून म्हणतात, मग काय, दुपारी जेवायला पोचू. तसलं काही डोक्यात ठेवू नका बाप्पा.

उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, मग वैनगंगा ओलांडून आरमोरी आणि गडचिरोली. इथवरचे पावणेदोनशे भराभर कापले जातात. पुढे चामोर्शी, आष्टी, आलापल्ली. आणि आलापल्लीपासून शेवटचे पासष्ट. सगळा दिवस त्या पासष्टसाठी बेतायचा. मार्चअखेरीला सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो, पण दाट झाडीत त्याच्या अर्धा तास आधीच अंधारून येतं, आणि त्या रस्त्यावर अंधारात असू नये. म्हणून आलापल्ली दुपारी दोनच्या आत सुटलीच पाहिजे. तिथून उलटं मोजत आलात की नागपूर पहाटे पाचला सोडावं लागतं. मुलीला आदल्या रात्रीच सांगा, नाश्त्याचा आग्रह नको, डबा दे. पेट्रोल गडचिरोलीला भरून घ्या. वाटेत नाक्यावर पोलीस विचारतील कुठून आलात, कुणाकडे चाललात. ओळखपत्र हाताशी ठेवा आणि सरळ उत्तर द्या. फोनची रेंज जाते, त्यामुळे 'दर तासाला कळवतो' असं मुलाला कबूल करून बसू नका. तो घाबरेल आणि मग तुम्ही घाबराल.

चामोर्शीजवळ मार्कंड्याची पाटी दिसेल. देवळं सुरेख आहेत, वैनगंगा तिथे उत्तरवाहिनी आहे, सगळं खरं. पण ते परतीला. आम्ही जाताना 'दहाच मिनिटं' म्हणून वळलो आणि दीड तास घालवला. तो दीड तास आम्हाला संध्याकाळी फार हवा होता.

कारण पेरमिलीच्या पुढे मागचं डावं चाक बसलं. ह्यांचा उजवा खांदा आखडलेला, आणि नट सर्व्हिसिंगच्या वेळी मशीनने आवळलेले. पाना तसूभर हलेना. शेवटी मी चपला काढल्या, डिकीला धरलं आणि पान्याच्या दांडीवर उभी राहिले. डॉक्टर ज्याबद्दल दर वेळी बोलतात त्या माझ्या वजनाचा पहिल्यांदा उपयोग झाला. कड्ड करून एकेक नट सुटला. मग जॅक मुरमात रुतायला लागला. रस्त्याला लागूनच एक घर होतं, तिथला आश्रमशाळेत शिकणारा पोरगा न सांगताच एक फळकूट घेऊन आला आणि जॅकखाली सरकवून मोकळा झाला. नटही त्यानेच काढून माझ्या पदरात टाकले. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, पहाटे वेचलेली, उन्हाने बेदाण्यासारखी होत आलेली. तो गोडसर, आंबूस वास गाडीत दोन दिवस राहिला. एक म्हातारी ती फुलं हाताने उलथत बसली होती. तिने एकदाच आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा आपलं काम धरलं. गाडी पंक्चर होणं ही तिच्या लेखी काही बघत बसण्याजोगी गोष्ट नव्हती.

चाक चढवताना नट भरले तीन. चौथा गवतात शोधून शोधून कंटाळलो. साडेचार होऊन गेले होते, म्हणून तीन नटांवरच निघालो. ह्यांचा खांदा ठणकत होता, तेव्हा गाडी मी घेतली. चार वर्षांत स्टिअरिंगला हात लावला नव्हता, आणि लावला तो असा जंगलात, तीन नटांवर. हळूहळू नेली.

म्हणून तुमच्या ड्रायव्हरच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. तुमच्या ह्यांचे डोळे, पाठ आणि झोप शाबूत असेल तर ड्रायव्हरची गरज नाही. मोतीबिंदू पिकत आला असेल तर मुलाचं ऐका, आणि त्याला तसं सांगूही टाका. पण गाडी तुम्हाला येते ना? मग सकाळी उमरेड ते नागभीड तुम्ही चालवा. हे बाजूला बसून पायाने हवेतले ब्रेक दाबतील, दाबू द्या. नागभीडपर्यंत दमतात.

आता बाथरूम. गडचिरोलीपर्यंत पेट्रोलपंप आहेत, तरी आत डोकावून मगच ठरवा. पुढे आलापल्लीला जेवाल तिथे जाऊन घ्यायचं, वाटत नसलं तरी. त्यानंतर जंगल. मोठी काळी छत्री सोबत ठेवा, उघडून आडोसा करता येतो. वस्तीजवळ मात्र नको. पाणी पिणं तोडू नका. मी तोडलं होतं आणि तिसऱ्या दिवशी उन्हाळी लागली, परतीचा सगळा रस्ता तळमळत काढला.

हेमलकशाला आधी फोन करून, राहण्याचं विचारून, मगच निघा. बाबा आमट्यांनी 1973 मध्ये सुरू केलेला तो प्रकल्प आहे, हॉटेल नव्हे. तिथे सांभाळलेले जंगली प्राणी बघायचे असतात हे मान्य, पण प्रकल्पाच्या दवाखान्याबाहेर बसलेल्या माडिया आदिवासी बायाबापड्यांचे फोटो काढत हिंडू नका. आपल्या गावच्या दवाखान्यात आपण ओळीत बसलेले असताना कुणी काढले तर चालेल का? सकाळी भामरागडला जाऊन या, अगदी जवळ आहे. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा तिथे एकत्र येतात. हीच पर्लकोटा पावसाळ्यात चढली की भामरागडची वाट बंद होते, त्यामुळे मार्च ठरवलात ते बरं केलंत.

आम्ही पोचलो तेव्हा सव्वासहा वाजले होते. रात्री लुगडं बदलताना निऱ्यांमधून काहीतरी टणकन फरशीवर पडलं. चौथा नट. ह्यांनी तो उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता टॉर्च घेऊन गाडीकडे गेले.