गाण्यात ती बोलत नाही

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि ती गेल्यावर तू लिहिलेल्या गाण्याचा डेमो, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, दोन्ही मिळालं. डेमो आधी ऐकला, पत्र नंतर वाचलं. बरं झालं. उलट झालं असतं तर गाण्याबद्दल खरं बोलायची भीड पडली असती.

आवाज छान लागलाय. सी, जी, ए मायनर, एफ याच चार कॉर्ड्स घेतल्यात म्हणून ओशाळायचं काही कारण नाही, या चौकडीवर किती बँड जगले याची गणतीच नाही. मी अडले ती दुसऱ्या कडव्यापाशी. कडव्यात तू म्हणतोस, ती भर पावसात पाठ फिरवून चालत गेली. पत्रात लिहितोस, तिनं तुझा चार्जर परत दिला, ‘काळजी घे’ म्हणाली आणि लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट यायला वेळ लागला, तोवर दोघंही दाराकडे बघत उभे राहिलात. मग हा पाऊस आला कुठून?

तो तू ऐकलेल्या गाण्यांतून आला. वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षापासून कानात हेडफोन घालून फिरतोयस, तेव्हापासून प्रेम मोडतं तेव्हा पाऊस पडतो, रस्ता ओला असतो आणि जाणारं माणूस मागे वळून बघत नाही, हे तुझ्या डोक्यात पक्कं बसलंय. गाणी आपलं आयुष्य दाखवतात असं सगळेच म्हणतात. ती आपल्या आठवणींवर परस्पर हात फिरवतात, हे मात्र फारसं कोणी बोलत नाही. हे गाणं तू शे-दोनशे वेळा गायलास की तुला पाऊसच आठवेल. लिफ्टसमोरची ती अवघडलेली दोन मिनिटं पुसली जातील, आणि माझ्या मते तुमच्या नात्याचं सगळं सार त्या दोन मिनिटांत होतं.

गाणी खोटारडी असतात असं मी म्हणत नाहीये. त्यांचा साचा कसा घडलाय ते लक्षात घे, एवढंच. 78 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावायची. 1949मध्ये 45 आरपीएमची छोटी तबकडी आली, तिनंही जवळपास तेच माप चालू ठेवलं. तबकड्या गेल्या, माप उरलं. 1954मध्ये ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला आणि गाणं घरातल्या सगळ्यांच्या खोलीतून उठून पोरांच्या उशाशी गेलं. 1979मध्ये वॉकमन आला आणि ते थेट कानात शिरलं. म्हणजे तीन मिनिटांची गोष्ट, तीही एकट्यानं ऐकायची, आणि त्यात माणसं दोनच, ‘मी’ आणि ‘तू’. नावं सहसा नसतात. त्या ‘तू’च्या जागी ऐकणारा आपलं माणूस बसवतो. ‘हे गाणं माझ्यावरच लिहिलंय’ असं तुला वाटतं, ते या मोकळ्या सोडलेल्या जागेमुळे. ही कारागिरी आहे, योगायोग नाही.

आणि कोरस, म्हणजे ध्रुवपद. कोरसला मत बदलता येत नाही. कडव्यात काहीही घडो, कोरस परत येतो तो तीच ओळ घेऊन. गाण्यात ते हवंच, त्याशिवाय लोक गळा काढून सोबत गाणार कसे? पण तुझ्या पत्रात ‘मीच कमी पडलो’ हे वाक्य दर परिच्छेदाला येतं, ते वाचताना मला कोरसच ऐकू आला. मधल्या मजकुरात मात्र तू स्वतःच लिहिलंयस की गेले काही महिने तुमच्यात बोलण्यासारखं उरलं नव्हतं, तिला दुसऱ्या गावी शिकायला जायचं होतं, तुला ते नको होतं. यात कमी पडणं कुठे आलं? दोघांच्या वाटा वेगळ्या होत होत्या. पण हे वाक्य कोरसला चालत नाही, म्हणून तू ते दडपून पुढे गेलास.

आता मुख्य मुद्दा. गाण्यात दुसऱ्या माणसाला बोलायला मिळत नाही. माइक एकाच्याच हातात.

1980 साली आब्बा या स्वीडिश बँडचं ‘द विनर टेक्स इट ऑल’ आलं. शब्द मुख्यतः बँडमधल्या ब्यॉर्न उल्व्हेउसचे, गायलं बँडमधल्याच अग्नेथा फेल्टस्कोगनं. त्या दोघांचा नुकताच काडीमोड झाला होता. आता ही रचना नीट बघ. बाजू मांडलीय सोडून दिलेल्या बाईची, लिहिणारा तिचा आधीचा नवरा, आणि माइकसमोर उभं राहून ते शब्द म्हणणारी ती. ऐकणाऱ्यांनी ठरवून टाकलं की ही तिच्या मनातलीच गोष्ट. ब्यॉर्न मात्र पुढे सांगत राहिला की वियोगाचं दुःख खरं होतं, पण आमच्यात कोणी जिंकलंही नव्हतं आणि हरलंही नव्हतं. भावना खरी, गोष्ट रचलेली. तुझ्याही गाण्यात असंच झालंय. फरक इतकाच की आपण गोष्ट रचली हे ब्यॉर्नला ठाऊक होतं.

याउलट फ्लीटवुड मॅक या बँडचा 1977चा ‘रूमर्स’ हा अल्बम घे. त्याचं रेकॉर्डिंग चाललं होतं तेव्हा बँडमधल्या दोन जोड्या फुटल्या होत्या आणि ड्रमर मिक फ्लीटवुडचाही संसार मोडत होता. त्यातल्या एका जोडीतला गिटारवादक लिंडसी बकिंगहॅम, त्यानं गायिका स्टीव्ही निक्सला उद्देशून ‘गो युवर ओन वे’ लिहिलं. त्यातली एक ओळ तिला खोटी आणि अपमानाची वाटली. काढ म्हणाली, त्यानं काढली नाही. त्या गाण्याच्या कोरसमध्ये मागे तिचाच आवाज आहे, आणि पुढे कित्येक वर्षं स्टेजवरही तिनं तिथे सूर धरला. तिनं आपली बाजू ‘ड्रीम्स’मध्ये मांडली, त्यात गिटार वाजवली त्यानं. अमेरिकेत या बँडचं एकच गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं आणि ते तिचं, याचा मला अजून आनंद होतो, लपवत नाही. तिसरी गंमत दुसऱ्या जोडीतल्या क्रिस्टीन मॅक्व्हीची. तिनं आपल्या नव्या मित्रावर गाणं लिहिलं आणि त्यावर बास वाजवला ज्याच्यापासून ती वेगळी झाली होती त्या जॉननं. त्याला तिनं सांगितलं होतं की गाणं कुत्र्यावर आहे!

ती माणसं संत नव्हती. पण त्या एका तबकडीवर भांडणाच्या दोन्ही बाजूंना माइक मिळाला आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या तक्रारीला साथ द्यावी लागली. मला वाटतं तो अल्बम टिकला तो याचमुळे. म्हणून तुला अभ्यास देते. पावसाचं कडवं उडव आणि त्या जागी तिचं कडवं लिही. तिच्या तोंडी तुझ्या सोयीची वाक्यं घालायची नाहीत. तू ज्यावर चिडला होतास ते तिचं म्हणणं, तिच्याच शब्दांत. लिहायला जड जाईल. गाणं लोकांसमोर आणायचं की नाही याचा निर्णय त्यानंतर कर, आणि आणायचं ठरलं तर आधी तिला ऐकव. ओळखीच्या चार लोकांना ‘ही कोण’ हे लगेच कळणार आहे, आणि तिच्याकडे उत्तरादाखल गायला गाणं नाही.

ऐकण्याबद्दलही थोडं सांगते, कारण लिहिण्याआधी तू ऐकणारा आहेस. पोलीस या बँडचं 1983चं ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ लोक लग्नात वाजवतात. बँडचा गायक स्टिंग, त्यानं ते लिहिलं तेव्हा त्याचं पहिलं लग्न मोडत होतं, आणि गाणं पाळत ठेवणाऱ्या, सोडायला तयार नसलेल्या माणसाचं आहे, हे त्यानं स्वतः सांगितलंय. शब्द समोर आहेत, लपवलेलं काही नाही. पण गिटारचा तो रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारी सुरावट, इतका गोड आहे की पाळत ठेवणं हे प्रेम वाटू लागतं. तुझ्या पत्रात एक ओळ आहे, ती ऑनलाइन कधी येते ते तू बघत बसतोस. ती ओळ मला खटकली. हे प्रेम आहे असं तुला कुठल्या गाण्यानं शिकवलं ते शोध, आणि बघणं आजपासून बंद कर. यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

तेच गाणं रात्रभर लूपवर लावतोस म्हणालास. यावर मी तुला रागावणार नाही. आवडता क्षण यायच्या आधीच, नुसत्या त्याच्या चाहुलीनं मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन सुटतं, हे माँट्रिअलच्या संशोधकांनी 2011मध्ये दाखवलं. म्हणजे कोरस येणार हे माहीत असण्यातच निम्मं सुख आहे, आणि म्हणूनच पाठ झालेलं गाणं शिळं होत नाही. उदास गाण्यांनी पुष्कळांचं मन हलकंही होतं. पण ज्यांना तेच तेच उगाळायची सवय असते त्यांचं मन अशा गाण्यांनी आणखी खाली जातं, असंही अभ्यासांत दिसलंय. तू कुठल्या गटातला, हे मी इथून सांगू शकत नाही. गाणं संपल्यावर हेडफोन काढ आणि बघ, रडून मोकळं वाटतंय की अंथरुणातून उठावंसं वाटत नाहीये? दुसरं असेल तर गाणं बदलून भागणार नाही, अ‍ॅप त्याच रंगाचं पुढचं गाणं लावायला टपलेलंच असतं. तेव्हा माणसाशी बोल. मला फोन कर, घरी सांग, डॉक्टरकडे जा.

हे मी उगाच म्हणत नाहीये. बीटल्सचं ‘हेल्प!’ 1965मध्ये आलं तेव्हा जॉन लेनन 24 वर्षांचा होता. गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर, अमेरिकेतही पहिल्या क्रमांकावर. पुढे त्यानं सांगितलं की तेव्हा मी खरोखरच मदत मागत होतो. आणि त्याची तक्रार होती की खपावं म्हणून आम्ही ते फार जलद वाजवलं. दोन्ही देशांत पोरं त्यावर नाचली आणि त्या उड्या मारणाऱ्या तालात शब्दांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. आपलं दुखणं गाण्यात घातलं म्हणजे ते कुणाला तरी सांगून झालं, असं होत नाही. चाल चांगली असली तर उलट ते आणखी झाकलं जातं.

आता तू विचारलेला शेवटचा प्रश्न, ‘हे गाणं मला आयुष्यभर असंच दुखवणार का?’ एक गोष्ट खरी, या वयात ऐकलेलं फार खोल जातं. होलब्रुक आणि शिंडलर या संशोधकांनी 1989मध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या काळातली गाणी ऐकवली, तेव्हा आवड सर्वांत जास्त दिसली ती ऐकणारा साधारण 23-24 वर्षांचा असताना गाजलेल्या गाण्यांची. 2013मध्ये क्रुमहान्झल आणि झुपनिक या संशोधकांना विशीतल्या मुलांमध्ये आणखी मजेशीर गोष्ट सापडली. त्यांना आपल्या काळातली गाणी जवळची होतीच, पण आई-वडील तरुण असताना गाजलेली गाणीही जवळची होती. म्हणजे या वर्षी तू जे लूपवर लावशील ते तुला जन्मभर पुरेल, आणि कदाचित तुझ्या मुलांच्याही डोक्यात जाईल. तेव्हा जरा निवडून ऐक. सगळीच प्लेलिस्ट रडकी कशाला?

पण जन्मभर पुरेल म्हणजे जन्मभर असंच दुखेल, असं नाही. जोनी मिचेल या गायिकेनं ‘बोथ साइड्स नाउ’ लिहिलं तेव्हा ती 23 वर्षांची होती. ढग, प्रेम, आयुष्य, सगळ्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या, असं त्या वयात म्हणणं थोडं आगाऊपणाचंच, नाही का? 1969च्या ‘क्लाउड्स’ या अल्बममध्ये तिनं ते उंच, पातळ आवाजात, गिटारवर गायलं. 2000 साली, वयाच्या 56व्या वर्षी, तेच गाणं ऑर्केस्ट्रासह नव्यानं आणलं. आवाज खाली उतरलेला, थोडा फाटलेला, आणि लय इतकी संथ की ओळींच्या मध्ये श्वास ऐकू येतो. शब्द तेच आहेत, पण पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये ज्या ओळी चमकदार वाटतात त्या दुसऱ्यात सोसलेल्या वाटतात. 2015मध्ये मेंदूतली रक्तवाहिनी फुगून ती आजारी पडली, बोलणं-चालणं नव्यानं शिकावं लागलं. 2022मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात, 78व्या वर्षी, खुर्चीत बसून तिनं ते पुन्हा गायलं. तिन्ही ऐक, एकापाठोपाठ एक, दुसरं काही न करता. 1969चं तुला सर्वांत कमी आवडलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. आवडलं तरी बिघडत नाही, मलाही एके काळी तेच आवडायचं.

तुझ्या गाण्याबद्दल आणखी एक, तांत्रिक. कॅपो, म्हणजे तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा, गिटारच्या तिसऱ्या फ्रेटवर लावलायस, तिथे कोरसचा वरचा सूर तुला ओढून काढावा लागतोय. कॅपो काढून टाक आणि खालच्या पट्टीत गाऊन बघ. आणि नवं रेकॉर्डिंग करताना फोन गिटारपासून जरा लांब ठेव, या वेळी निम्मे शब्द तारांखाली गेलेत. नवं कडवं झालं की पाठव, मी वाट बघते.

तुझी,
गिटारवाली ताई