आधी शेजारच्या नलिका बघ

प्रिय डॉक्टर,

तुझा मेल परवा रात्री आला. स्लाइडचे फोटो मी त्याच रात्री पाहिले, पण घाईत चार ओळी लिहिण्यापेक्षा रविवारी निवांत लिहावं असं ठरवलं. बावन्न वर्षांचा रुग्ण, उजव्या वृषणात साडेचार सेंटिमीटरची गाठ, एएफपी आणि बीटा-एचसीजी (अशा काही गाठींत रक्तात वाढणारी द्रव्यं) दोन्ही नॉर्मल, आणि 'क्लासिक सेमिनोमा' (वृषणाचा नेहमीचा कर्करोग) असा टाइप करून ठेवलेला रिपोर्ट. फक्त सही बाकी. तरी काहीतरी खटकलं म्हणून तू थांबून मला विचारलंस. या थांबण्याची किंमत मला चांगली माहीत आहे, कारण एकदा मी थांबलो नव्हतो.

खूप वर्षं झाली त्याला. चाळिशीतला माणूस होता. स्लाइडवर फिकट, पारदर्शक पेशींचे थरच्या थर आणि मध्ये मध्ये लिम्फोसाइट्स, म्हणजे लहान पांढऱ्या पेशी. सेमिनोमाच, दुसरं काय असणार? दोन ठिकाणी त्या पेशींनी बारीक नळ्या आणि दोऱ्या केल्या होत्या. त्या मला दिसल्या होत्या, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण निदान मनात आधीच पक्कं झालं होतं, त्यामुळे मी त्यांच्याकडे सेमिनोमाचाच एक प्रकार म्हणून पाहिलं. त्या माणसाला रेडिएशन दिलं गेलं. सेमिनोमा रेडिएशनला लोण्यासारखा वितळतो. हा आजार दीड वर्षात पोटातल्या गाठींमध्ये परत आला. जुने ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) मोठ्या केंद्रात गेले तेव्हा उत्तर आलं: मॅलिग्नंट सर्टोली सेल ट्यूमर, म्हणजे शुक्रजंतूंना आधार देणाऱ्या पेशींचा कर्करोग. या गाठीवर ना रेडिएशनचा भरवसा, ना केमोचा. तो माणूस गेला. माझं निदान बरोबर असतं तर तो वाचला असता, असा दावा मी करत नाही. पण शेवटचं वर्ष त्याने चुकीच्या उपचारात घालवलं, ते माझ्या सहीमुळे.

तेव्हापासून वृषणाची स्लाइड आली की मी गाठीकडे सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघतो गाठीच्या कडेची, वरकरणी निरोगी दिसणारी, शुक्रजंतू बनवणारी नलिका. तिथे नलिकेच्या तळाच्या पडद्यालगत मोठ्या केंद्रकाच्या, पारदर्शक पेशी ओळीने बसल्या आहेत का? आत शुक्रजंतू तयार होणं थांबलंय का? डेन्मार्कच्या नील्स स्काकेबेक यांनी १९७२ मध्ये वंध्यत्वासाठी तपासलेल्या पुरुषांत या पेशी दाखवल्या, आणि पुढे त्यांतूनच गाठ उभी राहते हे कळलं. आज त्यांना आपण जर्म सेल निओप्लाझिया इन सिटू म्हणतो, म्हणजे बीजपेशींची (जर्म सेलची) अजून जागच्या जागी असलेली कर्करोगी वाढ. २०१६ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणाने जर्म सेल गाठींची वाटणी याच मुद्द्यावर केली आणि २०२२ च्या आवृत्तीनेही ती कायम ठेवली. या पेशींपासून निघणाऱ्या गाठी एका घरातल्या: सेमिनोमा, एम्ब्रायोनल कार्सिनोमा, कोरिओकार्सिनोमा, प्रौढ वयातला योक सॅक आणि टेराटोमा (अनेक प्रकारच्या ऊतींची गाठ). त्यांच्यात बाराव्या गुणसूत्राच्या लहान बाहूच्या जादा प्रती सापडतात. ज्या गाठींचा या पेशींशी संबंध नाही, त्या दुसऱ्या घरातल्या. मूळ, वागणूक, उपचार, सगळं वेगळं.

आता तुझी केस. तुझ्या तिसऱ्या आणि पाचव्या फोटोत मला तीन मापांच्या पेशी दिसतात: लिम्फोसाइटएवढ्या लहान, मध्यम, आणि अधूनमधून राक्षसी आकाराच्या, ज्यांच्या केंद्रकातलं क्रोमॅटिन दोऱ्याच्या गुंत्यासारखं आहे. खरे लिम्फोसाइट्स जवळजवळ नाहीत. सेमिनोमात दिसणारे ग्रॅन्युलोमा (दाहपेशींचे पुंजके) नाहीत, तंतूंचे पडदे नाहीत. कडेच्या नलिकांत इन सिटू पेशीही मला दिसल्या नाहीत. मला हा दुसऱ्या घरातला स्पर्मॅटोसायटिक ट्यूमर वाटतो. १९४६ मध्ये मासाँ यांनी तो सेमिनोमापासून वेगळा काढला, तरी सत्तर वर्षं त्याला 'स्पर्मॅटोसायटिक सेमिनोमा'च म्हटलं जायचं. २०१६ मध्ये नावातून सेमिनोमा हा शब्द गेला, आणि माझ्या मते तो फार आधी जायला हवा होता. रिपोर्टवर सेमिनोमा हा शब्द दिसला की पुढच्या डॉक्टरचा हात केमोकडे जातो. ही गाठ फक्त वृषणातच होते. अंडाशयात किंवा छातीच्या मध्यभागी तिचं भावंड सापडत नाही. बहुतेक वेळा वृषण काढलं की उपचार संपतात.

आयएचसीला (पेशींतली ठरावीक प्रथिनं, म्हणजे मार्कर, रंगवून ओळखणाऱ्या चाचणीला) पाठवताना सॉल-४ या मार्करवर विसंबू नकोस, ते सेमिनोमा आणि ही गाठ, दोन्हींत पॉझिटिव्ह येतं. सीडी-११७ सुद्धा फसवतं. फरक करेल ते ऑक्ट-३/४: सेमिनोमात ठळक पॉझिटिव्ह, इथे निगेटिव्ह. मात्र ऑक्ट निगेटिव्ह आलं म्हणजे काम झालं असं समजू नकोस, कारण सर्टोलीतही ते निगेटिव्हच असतं. म्हणून सर्टोलीसाठी इन्हिबिन आणि एसएफ-१ हे मार्करही त्याच वेळी लाव. इन्हिबिन एकटं निगेटिव्ह आलं म्हणून सर्टोली बाद होत नाही. आणि पांढऱ्या पेशींचा मार्कर एलसीए विसरू नकोस. साठीच्या पुढच्या पुरुषात वृषणाची गाठ म्हणजे आधी लिम्फोमा (लिम्फोसाइट्सचा कर्करोग), बहुधा डिफ्यूज लार्ज बी सेल. तो दुसऱ्या वृषणात आणि मेंदूत उगवतो, म्हणून तो चुकवणं महागात पडतं. तुझा रुग्ण त्या वयाचा नाही, पण फार लांबही नाही. प्रत्येक मार्करचे पैसे रुग्णाच्या खिशातून जातात हे मला कळतं. म्हणूनच वीस मार्कर मागण्यापेक्षा एचअँडई (नेहमीचा गुलाबी-जांभळा रंग दिलेली स्लाइड) पाहून प्रश्न नेमका कर आणि पाच माग.

एक गोष्ट मात्र कुठलाही मार्कर भरून काढत नाही: ग्रॉसिंग, म्हणजे काढलेला अवयव डोळ्यांनी पाहून, कापून तपासायचे तुकडे निवडणं. कॉर्डच्या (वृषणाला जोडलेल्या शुक्ररज्जूच्या) कडेचा तुकडा गाठ कापण्याआधी घे. सेमिनोमाच्या पेशी सुट्या सुट्या असतात, सुरीबरोबर सगळीकडे पसरतात आणि मग रक्तवाहिनीत शिरल्याचा खोटा देखावा होतो. वृषण आलं की लगेच दुभागून भरपूर फॉर्मॅलिनमध्ये ठेव आणि दुसऱ्या दिवशी काप. गाठीच्या दर सेंटिमीटरला किमान एक ब्लॉक. लहान गाठ असेल तर सगळीच घे. रंग किंवा घट्टपणा बदलेल तिथून वेगळा ब्लॉक. तुझ्या केसमध्ये हे आता जास्तच महत्त्वाचं आहे, कारण क्वचित स्पर्मॅटोसायटिक ट्यूमरमध्ये सारकोमा (एक आक्रमक कर्करोग) उद्भवतो आणि मग ती गरीब गाय राहत नाही. रेटे टेस्टिसचा (नलिका एकत्र येतात त्या जाळ्याचा) भाग घे. गाठीपासून दूरच्या वृषणाचे दोन ब्लॉक घे. तू फक्त एक घेतला आहेस.

हाच दूरचा ब्लॉक टेराटोमातही निर्णय देतो. प्रौढ पुरुषातला टेराटोमा कितीही परिपक्व, निरागस दिसला तरी तो पसरू शकतो. त्याला प्रीप्युबर्टल (बालवयातल्या, निरुपद्रवी) प्रकारचा म्हणायचं तर इन सिटू पेशी नाहीत, जुन्या विरलेल्या गाठीचा व्रण नाही, पेशींत विकृती नाही, हे सगळं शोधून झाल्यावरच.

आणि दोन्ही बाजूंना गाठी असलेला तरुण आला, लेडिग सेलसारख्या (वृषणातल्या, टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशींसारख्या) गुलाबी पेशी दिसल्या, तर रिपोर्ट बाजूला ठेव आणि फोन उचल. त्याला लहानपणापासून अॅड्रिनलचा (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा) आजार आहे का, स्टेरॉइड चालू आहे का, हे विचार. अॅड्रिनलच्या उरलेल्या पेशींची ही वाढ औषधाचा डोस नीट केला की बऱ्याचदा आकसते. तिच्यासाठी कुणाचं वृषण जाऊ नये. पेशीत राइंके क्रिस्टल (काडीसारखे स्फटिक) दिसले तर लेडिग सेलची गाठ नक्की, पण ते सुमारे एक तृतीयांश केसेसमध्येच दिसतात. न दिसल्याने काही सिद्ध होत नाही.

आपल्याकडे वृषणाचा कर्करोगच कमी. भारतात दर लाख पुरुषांत वर्षाला एकाहून कमी. त्यातल्या सुमारे पंच्याण्णव टक्के गाठी जर्म सेलच्या. म्हणजे सर्टोलीसारखी गाठ तुझ्या हॉस्पिटलात कित्येक वर्षांत एकदा येईल. त्यामुळे दुसरं मत मागण्यात कमीपणा वाटू देऊ नकोस. परळला टाटाला पाठवणार असशील तर स्लाइडबरोबर ब्लॉकही पाठव, आणि रक्तातल्या मार्करचे आकडे, सोनोग्राफी, ग्रॉसचा फोटो जोड. तुला काय वाटतं तेही लिही. कोरा फॉर्म पाठवू नकोस.

उद्या सकाळी पहिलं काम: युरोसर्जनना फोन करून सांग की रिपोर्ट अजून अंतिम नाही, ऑन्कोलॉजीकडे पाठवायला दोन-चार दिवस थांबा. मग उरलेलं वृषण फॉर्मॅलिनच्या डब्यातून काढ आणि आणखी ब्लॉक घे. डबा टाकून तर दिला नाहीस ना? दिला नसेल तर कडेच्या नलिकांचे फोटो चाळीसच्या लेन्सवर काढून मला पाठव. मी जागा असेन.

तुझे,
सर