कॉलनी पांढरी, पण प्लाझ्मिड रिकामे! : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पीबीआर३२२ या प्लाझ्मिडमध्ये (जीवाणूतला सुटा, गोल डीएनए) बॅम-एचवन या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमने कापून परके जनुक बसवले की टेट्रासायक्लीनरोधक जनुक निकामी होते, असे पुस्तकात आहे. म्हणजे हवी ती पेशी टेट्रासायक्लीनवर मरणार. मग ती हाती कशी लागते? (बारावीची विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : मरते ती तिची नक्कल. या प्लाझ्मिडमध्ये अँपिसिलिनरोधक जनुकही असते, म्हणून जीवाणू आधी अँपिसिलिनच्या प्लेटवर (मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम) वाढवतात. प्लाझ्मिड न शिरलेल्या पेशी तिथेच संपतात; रिकामे आणि जनुक बसलेले, दोन्ही प्रकार वाढतात. मग निर्जंतुक मखमलीचा ठसा घेऊन, त्याच क्रमाने, टेट्रासायक्लीनच्या प्लेटवर (साधारण १२ मायक्रोग्रॅम) उमटवायचा. पहिल्या प्लेटवर आहे पण दुसरीवर नाही, ती कॉलनी आपली, आणि ती पहिल्या प्लेटवरून उचलायची. दोन्ही प्लेटच्या कडेला एकाच जागी खूण हवी, नाहीतर शेजारची कॉलनी उचलली जाते. टेट्रासायक्लीन उजेडात खराब होते, म्हणून त्या प्लेट फॉइलमध्ये ठेवतात.

परीक्षेत फसवणारा भाग असा : पीएसटी-वनने कापले तर अँपिसिलिनचे जनुक तुटते, म्हणून क्रम उलटा, आधी टेट्रासायक्लीन. इको-आरवनची जागा तर कुठल्याच रोधक जनुकात नाही. तिथे तुकडा बसवला तर ही युक्ती चालत नाही.

प्रश्न : पीयूसी१९ या प्लाझ्मिडमध्ये १,००० बेस-जोड्यांचा डीएनए तुकडा घालतो. पांढऱ्या कॉलनी भरपूर, पण मिनिप्रेपमध्ये (थोड्या कल्चरमधून प्लाझ्मिड वेगळे काढल्यावर) काहींत प्लाझ्मिडच नसते, काहींत रिकामे निघते. (एम.एस्सी. विद्यार्थी, पुणे)

उत्तर : पीयूसी१९ मधला लॅक-झेड जनुकाचा भाग शाबूत असला की एक्स-गाल या रसायनामुळे कॉलनी निळी होते; तुकडा बसून तो तुटला की पांढरी. तुमच्या या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, एकाच उपायाने दोन्ही जाणार नाहीत.

प्लाझ्मिडच नसेल तर संशय उपग्रह-कॉलनींवर. मोठ्या कॉलनीतून बाहेर पडणारे बीटा-लॅक्टमेज आजूबाजूचे अँपिसिलिन मोडते आणि त्या कड्यात प्लाझ्मिड नसलेल्या बारीक कॉलनी उगवतात. प्लाझ्मिड नाही, म्हणून त्या पांढऱ्याच! निळ्या मोठ्या कॉलनीभोवती टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसले तर ते हेच. प्लेट १६-१८ तासांत बाहेर काढा, अगार ५० अंशांपर्यंत निवल्यावरच अँपिसिलिन घाला. जमल्यास त्याऐवजी कार्बेनिसिलिन वापरा, ते अधिक टिकाऊ आहे.

रिकामे प्लाझ्मिड निघत असेल तर निळा रंग का आला नाही ते बघा. एक्स-गाल सगळीकडे सारखे पसरले होते का? ९० मिलिमीटरच्या प्लेटला २० मिलिग्रॅम/मिलिलिटर द्रावणाचे ४० मायक्रोलिटर पुरतात. माध्यमात ग्लुकोज असेल तर लॅक जनुक दबते आणि रंग फिका पडतो. प्लेट दोन-तीन तास ४ अंशांवर ठेवली की निळे गडद होते. घाईत उचललेली 'पांढरी' बरेचदा निळीच असते. तिसरे कारण छुपे : एन्झाइममध्ये न्युक्लिएजची भेसळ असली तर कापलेली टोके एक-दोन बेसने कुरतडली जातात, जोडताना लॅक-झेडची वाचनचौकट (बेस तीन-तीनच्या गटांत वाचण्याची जुळणी) सरकते आणि तुकडा नसतानाही कॉलनी पांढरी दिसते.

यापुढे तीन कंट्रोल प्लेट लावाच. न कापलेला व्हेक्टर (तुकडा वाहून नेणारे प्लाझ्मिड) : पेशी डीएनए आत घ्यायला सक्षम आहेत का? कापलेला, लायगेज (डीएनएची टोके जोडणारे एन्झाइम) नसलेला : इथे कॉलनी म्हणजे कापणे अपुरे. कापलेला, लायगेज असलेला पण तुकडा नसलेला : इथे आधीच्या प्लेटपेक्षा बऱ्याच जास्त कॉलनी म्हणजे व्हेक्टर स्वतःशीच जुळतोय. अशा वेळी फॉस्फेटेज (टोकांवरचा फॉस्फेट काढणारे एन्झाइम) वापरा, किंवा त्याहून बरे म्हणजे इको-आरवन आणि हिंड-थ्री या दोघांनी कापा. टोके जुळत नाहीत, शिवाय तुकड्याची दिशाही ठरते. फॉस्फेटेज वापरलेच तर लायगेजपूर्वी ते निष्क्रिय करा.

व्हेक्टर आणि तुकडा यांचे प्रमाण रेणूंच्या हिशेबात १:३ ठेवा. पीयूसी१९ ची लांबी २,६८६ बेस-जोड्या, म्हणून ५० नॅनोग्रॅम व्हेक्टरला तुमचा तुकडा ५६ नॅनोग्रॅम. अनेक जण सरळ १५० घालतात. मग एका व्हेक्टरमागे तुकड्याच्या आठ प्रती होतात.

प्रश्न : १,२०,००० बेस-जोड्यांचा तुकडा पीयूसी१९ मध्ये मावेल का?

उत्तर : नाही. १० हजारांच्या पुढे असे प्लाझ्मिड कुरकुरू लागतात. कॉस्मिड (मोठे तुकडे वाहणारे खास प्लाझ्मिड) हेही ४५ हजारांच्या आसपास थांबते. तुम्हाला बॅक, म्हणजे जीवाणूंचे कृत्रिम गुणसूत्र हवे. पेशीत त्याच्या एक-दोनच प्रती असतात, त्यामुळे डीएनए थोडा मिळतो आणि कल्चर मोठे घ्यावे लागते. आत घालायला हीट-शॉक (पेशींना क्षणभर गरम करणे) पुरत नाही, इलेक्ट्रोपोरेशन (विजेचा झटका) लागते. पिपेटचे टोक कापून रुंद करा. अरुंद टोकातून ओढला की एवढा लांब डीएनए तुटतो.