चाळिशीत पहिल्यांदा लंडन आणि लाइपझिगला जातेय. गॉथ-पंक कपडे कुठे घेऊ, आणि रात्री क्लबला एकटीने जावं का?

लंडनच्या कॅमडेन हाय स्ट्रीटवर एक पौंडही घालवू नका. दर्शनी दुकानांत टांगलेले मुद्दाम फाडलेले टी-शर्ट आणि हलक्या स्टड्सचे पट्टे पर्यटकांसाठीच भरलेले असतात, दोन धुण्यांत त्यांचा जीव जातो. तिथून आत स्टेबल्स मार्केटकडे वळा आणि जुन्या कपड्यांच्या गाळ्यांत निवांत वेळ काढा. मखमली कोट, लेसचा स्कर्ट, वापरून मऊ पडलेलं लेदर जॅकेट असं काही हाती लागलं तर घ्या, अस्तर आणि काखेतली शिवण तपासूनच. बूट मात्र नवे घ्या आणि पोचल्या पोचल्या घ्या. डॉक मार्टेन्सचा आठ भोकांचा जोड १ एप्रिल १९६० ला पहिल्यांदा बनला, त्याचा १४६० हा क्रमांक त्या तारखेवरूनच आला. ते चामडं सुरुवातीला टाचा सोलून काढतं. क्लबच्या रात्री पहिल्यांदा पायात घातलात तर तासाभरात भिंतीला टेकून बसाल.

लंडनमध्येच किंग्ज रोडवर ४३० नंबरचं दुकान आहे, तिथे एकदा जाच. फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुड आणि पुढे सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा मॅनेजर झालेला माल्कम मॅकलॅरेन यांनी १९७१ मध्ये तिथे सुरुवात केली, आणि लंडनच्या पंकांनी काय घालावं हे पुढची काही वर्षं बरंचसं त्या एका खोलीत ठरलं. आज त्याचं नाव वर्ल्ड्स एंड आहे आणि दारावर तेरा आकड्यांचं, उलटं फिरणारं मोठं घड्याळ आहे. (कॅमडेनमध्ये याच नावाचा पब आहे, त्याच्या खाली अंडरवर्ल्ड नावाची गाण्याबजावण्याची जागा. टॅक्सीवाल्याला पत्ता नीट सांगा.) किमती परवडायच्या नाहीत. पण कापड कसं बेतलंय, शिवण कुठे उघडी सोडलीय, हे डोळ्यांनी बघायला पैसे पडत नाहीत.

आता ज्यासाठी मी लिहायला बसले ते. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘या वयात आणि माझ्या सावळ्या रंगावर हे बरं दिसेल का?’ माझी ताई मला वर्षानुवर्षं हेच ऐकवत आलीय. काळं लिपस्टिक कॉलेजात ठीक, नंतर नाही, आणि आपल्या रंगाला तर मुळीच नाही. तिला मी हट्टाने लाइपझिगला सोबत नेलं, ‘वेव्ह-गोटिक-ट्रेफन’ला. १९९२ पासून पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत, मे-जूनच्या सुमारास, हा गॉथ लोकांचा मेळावा भरतो, वीसेक हजार माणसं येतात आणि चार दिवस अख्ख्या शहरात काळा रंग फिरतो. शुक्रवारी दुपारी क्लारा झेटकिन पार्कमध्ये व्हिक्टोरियन पिकनिक असते. शहराच्या दक्षिण टोकाला आग्रा नावाचं प्रदर्शन मैदान आहे, तिथल्या हॉलमध्ये कपड्यांचा मोठा बाजार लागतो. खरेदी करायचीच असेल तर तिथे करा, कॅमडेनपेक्षा कितीतरी सरस माल असतो.

आग्राला जाणाऱ्या ११ नंबरच्या ट्रॅममध्ये आमच्या समोर सत्तरीच्या पुढच्या एक बाई बसल्या होत्या. काळा तलम झगा, कोपरापर्यंत लेसचे हातमोजे, डोळ्यांभोवती काजळ, पांढऱ्या केसांत काळ्या पिसांचा गुच्छ. शेजारी नवरा आणि बाबागाडीत नातवंड, तेही काळ्या टोपड्यात. ट्रॅमच्या दारात झग्याची झालर अडकून वीतभर उसवली होती. माझ्या जॅकेटच्या बाहीला ओळीने सेफ्टी पिना होत्या, त्यातल्या मी काढून देऊ लागले. ताईने त्या माझ्या हातातून घेतल्या, खाली बसली आणि आतल्या बाजूने अशा टाचल्या की बाहेरून टोकही दिसेना. तिचा शिवणाचा हात पहिल्यापासून सफाईदार. त्या बाईंनी पिनांवरून बोट फिरवून पाहिलं, ताईचा हात दोन्ही हातांत धरला आणि जर्मनमध्ये बरंच काही बोलल्या. ताई त्यांना मराठीतच म्हणाली, ‘असू दे हो, आता फार ओढू नका.’ उतरल्यावर लगेच मला म्हणाली, ‘त्यांचं वेगळं. त्या गोऱ्या आहेत.’

नाही ताई, त्यांचं वेगळं नाही. १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात बॅटकेव्ह हा गॉथांचा क्लब सुरू झाला, तेव्हा तिथली पोरं चेहरा पांढरा करायची, कारण त्यांना जिवंत माणसासारखं दिसायचंच नव्हतं. गोरं दिसण्याशी त्याचा काही संबंध नाही. सावळ्या चेहऱ्यावर पांढरी पावडर थापायची अजिबात गरज नाही. पिकल्या जांभळासारख्या रंगाचं मॅट लिपस्टिक लावा, काजळ खालच्या पापणीखाली बोटाने पसरू द्या, भुवया गडद करा. आपल्या रंगावर चांदी जितकी उठून दिसते तितकी त्या पिठासारख्या चेहऱ्यांवर दिसत नाही, हे मी आग्राच्या गर्दीत चार दिवस बघितलंय. वयाचं म्हणाल, तर बॅटकेव्हमध्ये नाचलेली माणसं आज साठीत आहेत. हा पेहराव त्यांचाच आहे.

क्लबला एकटीने जा. लंडनमध्ये एंजेल स्टेशनजवळच्या इलेक्ट्रोवर्क्झ या क्लबमध्ये शनिवारी स्लाइमलाइट नावाची गॉथ नाचाची रात्र असते, १९८७ पासून. तिथे एकट्याने नाचणं हीच रीत आहे, कोणी कोपर मारून ओळख काढत नाही. घोळ परतताना होतो. भुयारी रेल्वेची नॉर्दर्न लाइन शनिवारी रात्रभर चालते, पण चेरिंग क्रॉसमार्गे, त्यामुळे एंजेलला गाडीच नसते. रात्रीची बस आधी बघून ठेवा आणि वरून साधा लांब कोट घाला. हे उगाच सांगत नाही. ऑगस्ट २००७ मध्ये लँकशरमधल्या बेकप गावी सोफी लँकास्टर ही वीस वर्षांची मुलगी पेहरावावरून झालेल्या मारहाणीत गेली. २०१३ पासून ग्रेटर मँचेस्टरचे पोलीस अशा हल्ल्यांची द्वेषमूलक गुन्हा म्हणून नोंद करतात. धोका क्लबच्या आत नसतो, बाहेरच्या दारुड्या टोळक्यात असतो.

आणखी काही. काडतुसांचा पट्टा हातातल्या सामानात नेऊ नका, विमानतळावर काढून घेतील. पिकनिकमध्ये विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नका. सत्तरच्या दशकातल्या लंडनच्या पंकांची नक्कल म्हणून नाझी चिन्हाचा पॅच जॅकेटवर शिवला असेल तर जर्मनीत शिरण्याआधी उसवून टाका, तिथे तो गुन्हा आहे. त्या चिन्हावर ठळक काट मारलेली असेल तर चालतं, २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने तसा निकाल दिलाय.