चमचाभर व्हिनेगर प्यायल्याने भूक कमी होईल का?

तुम्ही विचारलंय की आतड्यात तयार होणाऱ्या फॅटी ॲसिडमुळे भूक आटोक्यात राहते आणि त्यातलं एक तर व्हिनेगरमधलंच ॲसिड आहे, मग रोज सकाळी चमचाभर व्हिनेगर घेतलं तर भागेल का.

नाही भागणार. तुम्ही वाचलंय ते खरं आहे, पण त्यातून काढलेला अर्थ चुकला. मी दादरला ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते आणि आमच्या स्टाफरूममध्येही ॲपल सायडर व्हिनेगरची एक बाटली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ही ॲसिडं तशी ओळखीचीच. ॲसिटेट व्हिनेगरातलं. प्रोपिओनेट ब्रेडला बुरशी लागू नये म्हणून घालतात. पाकिटावर 282 हा आकडा दिसला तर ते त्याचंच. ब्युटिरेट म्हटलं की खवट लोण्याचा वास आठवा. आपल्याला न पचलेलं फायबर मोठ्या आतड्यात पोचलं की तिथले जिवाणू ते आंबवतात आणि ही तिन्ही तयार होतात. अस्तरातल्या एल-पेशींना त्यांचा सुगावा लागतो, त्या जीएलपी-1 आणि पीवायवाय ही हार्मोन्स सोडतात आणि मेंदूला 'पुरे आता' असा निरोप जातो. (वजन घटवण्यासाठी हल्ली गाजणारी सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं याच जीएलपी-1ची नक्कल. आपलं स्वतःचं जीएलपी-1 रक्तात जेमतेम दोन मिनिटं टिकतं, इंजेक्शनचा परिणाम आठवडाभर.)

ग्यानबाची मेख आहे ती 'मोठ्या आतड्यात' या दोन शब्दांत. प्यायलेलं ॲसिड तिथवर जातच नाही, वरच्या वर शोषलं जातं. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातले आहार-संशोधक गॅरी फ्रॉस्ट यांच्यापुढे हीच अडचण होती. त्यांनी ग्लासगोच्या सहकाऱ्यांबरोबर प्रोपिओनेट इन्युलिनला जोडून टाकलं. इन्युलिन म्हणजे कांदा-लसणात असतं ते फायबर. ते फोडणं फक्त जिवाणूंनाच जमतं. बोरिवलीचा डबा अंधेरीला कुणी उघडू नये, थेट चर्चगेटलाच उघडावा, तशी ही सोय.

पहिल्या प्रयोगात हे घेतलेल्या 20 जणांनी बुफेत सरासरी 14 टक्के कमी खाल्लं. मग 60 जाड्या माणसांना 24 आठवडे रोज 10 ग्रॅम पावडर दिली, निम्म्यांना ही प्रोपिओनेट जोडलेली आणि निम्म्यांना नुसतं इन्युलिन. शेवटपर्यंत टिकलेल्यांपैकी पहिल्या गटात 25 पैकी एकाचंच वजन 3 टक्क्यांहून जास्त वाढलं, दुसऱ्या गटात 24 पैकी सहा जणांचं. नीट वाचा हं, इथे वजन घटल्याचा नाही, वाढायचं आवरल्याचा हिशोब आहे. बातम्यांचे मथळे नेमकं हेच गाळतात.

मग आपण काय करायचं? जिवाणूंना फायबर मिळावं म्हणून मी पोह्यांऐवजी मटकीची उसळ सुरू केली. आणि लगेच काही जाणवेल अशी आशा धरू नका. खाल्ल्या खाल्ल्या पोट भरल्यासारखं वाटतं ते मुख्यतः जठर ताणल्यामुळे. सकाळी साडेसहाची मटकी मोठ्या आतड्यात पोचेपर्यंत दुपार होते, त्यामुळे झालाच तर उपयोग चारच्या वडापावला नाही म्हणण्यापुरता. मला तेवढा होतो, रोज नाही.

एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती. जिवाणू आंबवतात तेव्हा ॲसिडबरोबर गॅसही होतो. पहिल्याच दिवशी मोठी वाटी भरून खाल्ली आणि लेडीज डब्यात, चौथ्या सीटवर अर्धी टेकून, बोरिवली ते दादर कसं काढलं ते माझं मला माहीत. मग दोन चमच्यांपासून सुरुवात करून महिनाभरात वाटीवर आले.

स्टाफरूममधलं व्हिनेगर आम्ही काकडीवर घालून संपवतोय.