नाता ते कासाने: हत्तींच्या वाटेवरून जाताना

बोत्स्वानाच्या राष्ट्रीय उद्यानांत मोटारसायकल नेता येत नाही. परंतु नाता ते कासाने हा सुमारे ३०० किलोमीटरचा डांबरी रस्ता वन्यप्राण्यांच्या मोकळ्या प्रदेशातून जातो आणि हत्ती तो दिवसाढवळ्या ओलांडतात, म्हणून पहिल्या मोहिमेत खरी सावधगिरी तुम्हाला इथेच बाळगावी लागेल.

कळप दिसताच शंभरेक मीटर अलीकडे थांबा, इंजिन चालू ठेवा, हॉर्न मुळीच वाजवू नका, आणि मोठी मादी पलीकडे गेली म्हणून लगेच निघू नका, कारण मागे राहिलेले पिल्लू झुडपात असू शकते. थांबतानाही गाड्यांमध्ये पुरेसे अंतर ठेवा. दाटीवाटीने उभे राहिलात, तर कान पसरून डोके झटकणाऱ्या हत्तीसमोर पुढच्या सोबत्याला गाडी वळवायला जागाच उरत नाही. माझ्या मते गटाने पाळायचा सर्वांत महत्त्वाचा नियम हाच आहे.

पेट्रोल नाता येथे पूर्ण भरा आणि वाटेत पांडामाटेंगा येथे पुन्हा भरा. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, त्यामुळे ती सवय लगेच होते. सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठलाच पाहिजे. अंधारात करड्या रंगाचा हत्ती दिव्याच्या झोतातही फार उशिरा दिसतो.